पंगतीतलं पान: चंगाईवरच्या एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया तीन-चार वेळा वाचली. उत्तराला दोन दिवस लावले, कारण घाईनं लिहिलं असतं तर नुसता स्वतःचा बचाव केला असता. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं आधी थोडक्यात सांगते. आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीवरच्या माझ्या लेखात येशूचे शिष्य पेत्र आणि योहान यांनी यरुशलेमच्या मंदिराच्या दाराशी बसलेल्या पांगळ्याला उभं केलं, ती हकीकत होती. त्याखाली 'विश्वास असेल तिथे चंगाई होतेच', म्हणजे प्रार्थनेनं रोगी बरा होतोच, असं माझं एक वाक्य होतं. तुम्ही तेच उचलून लिहिलंत: 'ताई, अशा वाक्यांमुळेच मांडवात माइकवर ओरडून कॅन्सर पळवणाऱ्यांचं फावतं. माझ्या मामीनं एका चंगाई सभेनंतर इन्सुलिन बंद केलं आणि तिचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. आणि ते एकत्र जेवणं, मालमत्ता वाटून घेणं म्हणजे गरिबाला ओढायचं आमिष होतं. भाकरीसाठी धर्म.'

मामींचं वाचून पोटात कालवलं. ज्या कुणी त्यांना औषध सोडायला लावलं त्यानं पाप केलं, असं मी स्वच्छ म्हणते. नंतर 'तुमचाच विश्वास कमी पडला' असं त्यांना ऐकवलं असेल, तर ते पाप दुप्पट. मी ख्रिस्ती आहे, प्रार्थनेनं माणूस बरा होऊ शकतो असं मानते, आणि ज्या तोंडानं प्रार्थना करते त्याच तोंडानं हे सांगते आहे.

आता तुमच्या आक्षेपांकडे येते.

चमत्कारांच्या कथांवरचा राग फार जुना आहे आणि त्यात तथ्यही आहे. इ.स. १७८च्या सुमारास सेल्सस नावाच्या ग्रीक विचारवंतानं ख्रिस्ती लोकांवर एक आख्खा ग्रंथ लिहिला. येशूचे चमत्कार म्हणजे भर बाजारात चार नाण्यांसाठी भुतं काढणाऱ्या, फुंकर मारून रोग घालवणाऱ्या जादूगारांचे खेळ, अशी तुलना त्यानं केली. ऑरिजेन या ख्रिस्ती विद्वानानं त्याला सविस्तर उत्तर दिलं ते २४८च्या सुमारास, म्हणजे सत्तरेक वर्षांनी. तेव्हाच्या रोमन साम्राज्यात बरं करणारे देव आणि माणसं पुष्कळ होती. ग्रीसमधल्या एपिडॉरसला अस्क्लेपियस या आरोग्यदेवाच्या देवळात आजारी माणसं रात्री झोपायला जात, स्वप्नात देव येऊन बरं करतो असं मानत. कोण कसा बरा झाला याच्या हकिकती तिथे दगडावर कोरून ठेवलेल्या सापडल्या आहेत. त्यामुळे नुसत्या 'आमच्यात रोगी बरे होतात' या दाव्यानं ख्रिस्ती मंडळी वेगळी ठरत नव्हती, आणि आजही ठरत नाही. मंदिराच्या दाराशी त्या दुपारी काय घडलं, ते मी तुम्हाला पुराव्यानं सिद्ध करून दाखवू शकत नाही. मी ते श्रद्धेनं स्वीकारते. तुम्ही स्वीकारलं नाहीत तर माझी तक्रार नाही.

पण ती हकीकत बायबलच्या नव्या करारातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात आहे, ती माझ्यासोबत एकदा सावकाश वाचा, एवढी विनंती आहे. माणूस जन्मापासून पांगळा, वय चाळिशीच्या पुढे. रोज कुणीतरी त्याला उचलून आणून 'सुंदर' नावाच्या दरवाजाशी ठेवत असे. म्हणजे आणणारी माणसं होती. त्यांची रोजची मेहनत होती, पण ती उंबऱ्याशी संपायची. तो बाहेर, बाकी सगळे प्रार्थनेला आत. दुपारच्या तिसऱ्या प्रहरी पेत्र आणि योहान येतात, तो भीक मागतो. पेत्र म्हणतो, 'आमच्याकडे पाहा.' मग सोनं-रुपं आपल्याकडे नाही असं सांगून येशूच्या नावानं त्याला चालायला सांगतो. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पुढचं बारीक आहे: पेत्र त्याचा उजवा हात धरून त्याला उठवतो. त्याची पावलं आणि घोटे बळकट झाले, असं लेखक नेमकं नोंदवतो. तो त्यांच्याबरोबर आत जातो, उड्या मारत. आणि लोक धावत जमतात तेव्हासुद्धा तो पेत्र-योहानाला धरूनच उभा असतो. पाय बरे झालेला माणूस हात सोडायला तयार नाही. मला या कथेत सगळ्यात जवळचं वाटतं ते हे धरून राहणं. मांडवातल्या सभेत हा हात कुठे असतो? व्यासपीठावरून नाव पुकारतात, माणूस खाली कोसळतो, टाळ्या पडतात, आणि रात्री दहाच्या एसटीनं तो एकटा घरी जातो.

दुसरी गोष्ट पैशाची. शोमरोनात शिमोन नावाचा जादूगार होता. हात ठेवून पवित्र आत्मा देण्याचा अधिकार त्यानं पेत्राकडे पैसे देऊन मागितला, तेव्हा पेत्रानं त्याला त्याच्या पैशासकट झिडकारलं. 'दिदाखे' नावाची एक फार जुनी छोटी ख्रिस्ती पुस्तिका आहे, ती १८७३ साली कॉन्स्टँटिनोपलला हस्तलिखितात सापडली. गावोगाव फिरणारे संदेष्टे खरे की खोटे हे कसं ओळखायचं, त्याचे साधे नियम तिच्यात आहेत. तीन दिवस मुक्काम ठोकला तर खोटा. पैसे मागितले तर खोटा. आत्म्याच्या आवेशात 'मला पैसे द्या' म्हणाला तर त्याचं ऐकू नका, पण दुसऱ्या गरजवंतासाठी मागत असेल तर त्याला दोष लावू नका. इ.स. १८०च्या सुमारास इरेनियस नावाचा बिशप लिहितो की मंडळीत हात ठेवून आजाऱ्यांना बरं करतात आणि त्याचा मोबदला घेत नाहीत, फुकट मिळालं ते फुकट देतात. तुमच्या मामींना ज्या सभेत नेलं तिथे पाकीट फिरलं होतं का, हे मी विचारत नाही. फिरलं असेल तर दिदाखेच्या नियमानं तो माणूस पहिल्याच दिवशी गावाबाहेर गेला असता.

आता माझ्या त्या वाक्याकडे येते. 'विश्वास असेल तिथे चंगाई होतेच.' दादा, हे वाक्य चूक आहे. आणि ते चूक असल्याचं खुद्द नव्या करारातच दिसतं, म्हणून मला जास्त वाईट वाटलं. प्रेषित पौल, ज्याची पत्रं नव्या करारात आहेत, त्याच्या शरीरात कसला तरी 'काटा' होता. तो काढून टाक म्हणून त्यानं तीनदा विनवणी केली, काटा राहिला. त्याचा तरुण सहकारी तीमथ्य, त्याचं पोट सारखं बिघडायचं. पत्रात त्याला विश्वास वाढव असं सांगितलेलं नाही, थोडा द्राक्षारस घेत जा असं सांगितलं आहे, म्हणजे तेव्हाचा घरगुती उपायच. त्याचा दुसरा सहकारी एपफ्रदीत मरणाच्या दारात जाऊन आला. आणि तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी निरोप-नमस्कारांमध्ये एक वाक्य आहे, माझं लक्ष कितीतरी वर्षं त्याच्याकडे गेलंच नव्हतं: त्रफिम आजारी होता, त्याला मी मिलेतात ठेवून आलो. बस, एवढंच. त्रफिम हा पौलाचा सोबती. त्याच्या विश्वासाची चौकशी नाही, पौलाच्या सामर्थ्याबद्दल कुणाला शंका नाही.

हे मी पुस्तकातून शिकायच्या आधी घरात पाहिलं होतं. आईला अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावी पाळकसाहेब आणि दोन वडील मंडळी घरी आली. नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रात सांगितलं आहे तसं त्यांनी केलं: स्टीलच्या वाटीत खोबरेल तेल घेतलं, बोट बुडवून आईच्या कपाळाला लावलं, प्रार्थना केली. मग पाळकसाहेबांनी वाटी बाजूला ठेवून विचारलं, 'रक्तदाबाच्या गोळ्या कोण देतं? वेळ चुकत नाही ना?' आणि माझ्या वहीत वेळा लिहून दिल्या. त्यानंतर अकरा महिने मंडळीतल्या बाया पाळी लावून येत होत्या. एक जण अंग पुसायची, एक कूस बदलायची. एक मावशी तर रोज भाकरी दुधात कुस्करून चमच्यानं भरवायची, आणि भरवताना भावकीतल्या गमती सांगायची म्हणजे आई हसेल आणि घास गिळेल. आई चालली नाही. डावा हात शेवटपर्यंत तसाच होता. पण अकरा महिन्यांत तिला एकदाही कुणी म्हटलं नाही की तू विश्वास ठेवला नाहीस. येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून घेतात त्या प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला दर महिन्याला तिच्या खाटेशी यायचा.

म्हणून मूळ लेखात माझी मांडणीच उलटी झाली, असं आता वाटतं. मी चमत्कार पुढे ठेवला आणि सहभागिता, म्हणजे एकत्र जेवणं, वाटून घेणं, शेवटच्या दोन परिच्छेदांत उरकली. 'कृत्ये' वाचताना क्रम वेगळा दिसतो. दुसऱ्या अध्यायात शिकवण, सहभागिता, भाकर मोडणं आणि प्रार्थना येते, आणि पांगळ्याची हकीकत त्यानंतर. सहभागितेसाठी मूळ ग्रीक शब्द 'कोइनोनिया' आहे, त्यात वाटेकरी होणं येतं. माझ्या मनात त्याला पंगत हा शब्द बसतो. बरा झालेलाही त्या पंगतीत, न झालेलाही.

ती पंगत सरळ चालली असं मात्र मी म्हणणार नाही. हनन्या आणि सप्पीरा यांनी जमीन विकून काही पैसे लपवले आणि सगळे दिल्याचं भासवलं. यरुशलेमात ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जात होतं, त्यावरून कुरकुर झाली आणि त्यासाठी सात माणसं नेमावी लागली. करिंथ या ग्रीक शहरातल्या मंडळीत तर लाज वाटावी असं चाललं होतं: प्रभुभोजनाला जमल्यावर कुणी आपलं आधीच खाऊन झिंगलेलं, तर कुणी उपाशी. पौल चिडून विचारतो, खायला-प्यायला तुम्हाला घरं नाहीत का? ज्यांच्याकडे काही नाही त्यांना लाजवता का? त्याच ओघात तो म्हणतो की म्हणूनच तुमच्यात इतके जण दुबळे आणि आजारी आहेत. या वाक्यावर धर्मपंडितांचे अनेक अर्थ आहेत. मला त्यातून एवढंच दिसतं की पंगत मोडणं आणि आजारपण या दोन गोष्टी त्यानं एकाच दमात बोलल्या.

'भाकरीसाठी धर्म' याचं उत्तर मी ख्रिस्ती लेखकांच्या तोंडून देत नाही. ते तुम्ही मानायचंही कारण नाही. इ.स. ११२च्या सुमारास प्लिनी नावाचा रोमन अधिकारी सम्राट ट्राजानला कळवतो की ही माणसं जमून साधं, निरुपद्रवी अन्न खातात. खरं काय ते काढून घ्यायला त्यानं दोन दासींचा छळ केला, त्या मंडळीत सेविका होत्या. जे हट्टानं ख्रिस्ती राहिले त्यांना त्यानं मारायला पाठवलं. आमिष म्हणायचं तर त्या पंगतीत बसण्याची किंमत फार मोठी होती. आणि ३६२ साली सम्राट ज्युलियन, जो लहानपणी ख्रिस्ती म्हणून वाढला आणि पुढे उघड विरोधक झाला, आपल्या एका मुख्य पुजाऱ्याला वैतागून लिहितो की हे गालीली लोक (ख्रिस्ती लोकांना तो असं म्हणे) त्यांच्या गरिबांना पोसतातच, वर आपल्याही गरिबांना पोसतात. विरोधकाची ही कबुली मला मोलाची वाटते. फसवणारेही होते, हेही खरं. लुशियन या उपहासकारानं पेरेग्रिनस नावाच्या एकाची गोष्ट लिहिली आहे. तो तुरुंगात असताना भोळ्या ख्रिस्ती लोकांनी त्याला डबे आणि पैसा पुरवला. दिदाखेतले ते कडक नियम उगाच आलेले नाहीत. नवा माणूस राहायला आला तर त्याला काम करायला लावा, रिकामा पोसू नका, असंही तिच्यात आहे.

रोमच्या मंडळीचा एक आकडा युसेबियस या जुन्या ख्रिस्ती इतिहासकाराच्या ग्रंथात आहे. २५१च्या सुमारास तिथला बिशप कर्नेल्य लिहितो की मंडळी १५००हून जास्त विधवा आणि गरजवंतांना सांभाळते. हे एका शहरातलं, आणि तेही छळाच्या दिवसांतलं. त्याच सुमारास साम्राज्यात मोठी साथ पसरली. कार्थेजचा बिशप सिप्रियन याला आपल्याच माणसांची समजूत घालावी लागली, कारण ती विचारत होती, आम्ही विश्वासू, मग हा रोग आम्हालाही का? सगळ्यांसारखं शरीर आहे म्हणून, असा त्याच्या उत्तराचा रोख होता. चंगाईची हमी त्यानं दिली नाही. अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिसियस यानं लिहिलं आहे की मंडळीतले कित्येक जण आजाऱ्यांची शुश्रूषा करता करता स्वतः मेले, आणि बाकीचे लोक मात्र आपल्याच आजाऱ्यांना रस्त्यावर टाकत होते. तो आपल्या माणसांचं कौतुक करतोय, हे धरून चाला. तरी वेळेवर पाणी पाजणं, अन्न भरवणं, अंग कोरडं ठेवणं एवढ्यानं साथीत माणसं वाचतात, हे कुठलीही नर्स तुम्हाला सांगेल. त्याला चमत्कार म्हणायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी म्हणते.

मूळ लेखातलं ते वाक्य मी काल रात्री काढून टाकलं. त्या जागी त्रफिम आणि मिलेत घातलं आहे. बदल केल्याची आणि तो तुमच्या प्रतिक्रियेवरून केल्याची नोंद खाली ठेवली आहे.

आणखी एक. मामींना चालणार असेल तर मला त्यांना भेटायला यायचं आहे. प्रार्थनेचा विषय मी काढणार नाही. त्यांनी काढला तर बोलू, नाहीतर नुसतं बसू. त्यांना काय खायला चालतं तेवढं कळवा, साखरेचं पथ्य असेल ना, त्याप्रमाणे डबा घेऊन येते.