चेंडू बदलून बघ!

गोल्फ क्लबात कुणाचाही फटका बिघडला की चारी बाजूंनी एकच सल्ला येतो: ‘चेंडू बदलून बघ!’ ग्रिप सुधार, डोकं खाली ठेव, पोट थोडं कमी कर, असं कुणी म्हणत नाही. चेंडूला दोष दिला की कुणाचं मन दुखावत नाही आणि दुकानदाराचंही भलं होतं.

नियमांचं मागणं तसं माफक. चेंडू 45.93 ग्रॅमपेक्षा जड नको, 42.67 मिलिमीटरपेक्षा लहान नको, शिवाय वेग वगैरेच्या काही तांत्रिक अटी. पण दुकानात गेलात की सॉफ्ट, टूर, टूर सॉफ्ट, एक्स, प्लस आणि डिस्टन्स अशी रांग उभी असते. ‘डिस्टन्स’ हा शब्द वाचून निम्मं गिऱ्हाईक तिथेच विरघळतं. वास्तविक ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायची काठी, एका फेरीत फार तर चौदा वेळा हातात येतो. त्यातले काही फटके झाडीत जातात, आणि झाडीत लांबीचा उपयोग नसतो.

माझा आग्रह असा, की चेंडूची निवड ग्रीनपासून, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीपासून, उलटी करत यावी. खरा फरक तिथे दिसतो आणि तो कव्हरमुळे पडतो. स्वस्त चेंडूंना बहुधा आयोनोमर नावाच्या प्लास्टिकचं टणक कव्हर असतं (सर्लिन म्हणतात ते हेच). महागड्यांना युरेथेनचं. युरेथेन मऊ, वेजच्या (जवळून उंच फटका मारायच्या काठीच्या) खाचा आणि चेंडूच्या आतला टणक थर यांच्यामध्ये ते चिमटलं जातं, पकड बसते आणि चेंडू गरगरतो. आयोनोमरचा चेंडू वेजच्या तोंडावरून सटकतो, उंच उडतो आणि ग्रीनवर पडल्यावर पुढे पळत सुटतो. चाळीस-पन्नास यार्डांच्या फटक्यात फिरकीचा फरक मिनिटाला दोन हजार फेऱ्यांहून जास्त सहज पडतो. मात्र त्यासाठी चेंडू वेजच्या पात्याच्या तोंडावर बसला पाहिजे. तळच्या धारेने टोला हाणणाऱ्यासाठी दोन्ही चेंडू सारखेच निगरगट्ट.

कॉम्प्रेशन, म्हणजे चेंडू किती दाबला जातो त्याचा आकडा, हा दुसरा भुलभुलैया. ‘तुमचा स्विंग संथ, तुम्हाला मऊ चेंडूच हवा’ असं सांगून विक्रेता दोघांची पत्रिका जुळवून देतो. एक तर हा आकडा मोजायची सगळ्या कंपन्यांची एकच पद्धत नाही. दुसरं, मऊ चेंडूमुळे संथ स्विंगला वेग मिळतो हा समज खरा नाही. उलट तो किंचित कमीच होतो. फायदा असलाच तर असा, की मऊ चेंडू ड्रायव्हरवर कमी फिरतो, म्हणून स्लाइस (उजव्या हाताच्या खेळाडूचा उजवीकडे वळत जाणारा फटका) थोडा कमी वाकतो. थोडाच. शेजारच्या फेअरवेवर, म्हणजे ग्रीनकडे नेणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर, जाणारा चेंडू आता दोन्ही फेअरवेंच्या मधल्या झाडीत जाईल, एवढीच प्रगती. बाकी मऊपणा म्हणजे हाताला लागणारा झटका आणि कानाला येणारा आवाज. पटिंग करताना (ग्रीनवर चेंडू भोकाकडे घरंगळवताना) तो आवडला तर जरूर घ्या, आवडीला हरकत नाही.

आता हवामान. पावसाळ्यात येरवड्याच्या किंवा चेंबूरच्या मैदानावर महागडा चेंडू काढणं मला निव्वळ उधळपट्टी वाटते. ओल्या मऊ ग्रीनवर टणक कव्हरचा चेंडूही पडल्या जागी रुततो. वेज आणि चेंडूच्या मध्ये पाणी आलं की युरेथेनचीही पकड सुटते. फेअरवेवर घरंगळणं बंद, त्यामुळे हवेत जेवढं अंतर कापलं तेवढंच पदरात. तेव्हा उंच उडणारा, दोन-पीसचा (नुसता गाभा आणि कव्हर असलेला), स्वस्त चेंडू घ्या, आणि तो पिवळा घ्या. पावसाळी रफमध्ये, म्हणजे फेअरवेबाहेरच्या वाढलेल्या गवतात, पांढऱ्या अळंब्या उगवतात, आणि शोधायला नियमाने मिनिटं तीनच मिळतात (2019 पूर्वी पाच होती). त्यातली दोन अळंब्यांपुढे वाकण्यात जातात. मार्च ते मे ग्रीन कडक आणि वेगवान असतात. युरेथेनचे पैसे तेव्हा वसूल होतात. पिवळा चेंडू मात्र वाळलेल्या गवतात बेमालूम मिसळतो, म्हणून उन्हाळ्यात पांढरा बरा.

डिसेंबरच्या पहाटे पुण्यात गार चेंडू काही यार्ड आखूड पडतो. रात्री तो गाडीच्या डिकीत न ठेवता घरात ठेवा. फेरी चालू असताना मुद्दाम तापवून खेळलात तर थेट अपात्र. तेव्हा थर्मास चहापुरताच. समुद्राजवळ वारा समोरून असेल तर जास्त फिरणारा चेंडू फुग्यासारखा वर चढतो आणि तिथेच ढेपाळतो. मुंबईची दमट हवा ‘जड’ असते म्हणून चेंडू जात नाही, ही तक्रार मात्र खोटी. दमट हवा कोरडीपेक्षा किंचित हलकी असते. पुण्यात चेंडू पुढे जातो तो साडेपाचशे मीटर उंचीमुळे, आणि तोही 200 यार्डांवर चारेक यार्डच.

निवडायचंच तर दोन मॉडेलचे तीन-तीन चेंडू घ्या. आधी पटिंग, मग वीस यार्डांवरून चिप (बुटका फटका), मग पन्नास यार्ड, मग सात नंबरचं आयर्न (मध्यम अंतराची काठी). ड्रायव्हर सगळ्यात शेवटी, कारण तो आधी मारला की माणूस पुढचं काही ऐकत नाही. सरावाच्या रेंजवरच्या झिजलेल्या चेंडूंवरून कसलाच निष्कर्ष काढू नका. आणि एका फेरीत चार-पाच चेंडू हरवत असाल, तर टायटलिस्ट कंपनीचा महागडा प्रो व्ही वन चेंडू तूर्त कपाटात राहू द्या.

एकदा ठरलं की तोच चेंडू खेळा, हेही सांगून ठेवतो. पण ते कुणी पाळत नाही. वाटेत तळं आलं की चांगला चेंडू खिशात जातो आणि बॅगेच्या तळातून खरचटलेला, कुठल्या कंपनीचा ते पुसलं गेलेला म्हातारा चेंडू बाहेर येतो. नवा होल सुरू करताना असं बदलायला नियमाची ना नसते. घासलेल्या खळग्यांमुळे त्याचं उड्डाण बिघडतं, तो चार यार्ड आखूड पडतो आणि ज्या कामासाठी नेमला होता ते चोख बजावतो.