आजीची उलटतपासणी

आज लेकीची इंग्रजीची वही चाळताना एका वाक्यापाशी मी थबकले. ‘आय इंटरॉगेटेड माय ग्रँडमदर अबाउट हर चाइल्डहूड.’ शेजारी लाल शाईत बरोबरची खूण आणि ‘व्हेरी गुड’. म्हणजे नातीने आजीला चौकीत बसवून तिच्या बालपणाची उलटतपासणी घेतली आणि शाळेने नातीची पाठ थोपटली! मागच्याच पानावर कारण सापडले: आस्क, क्वेश्चन, इंटरॉगेट, आणि मध्ये बरोबरीची चिन्हे.

ही चिन्हेच मला खुपतात. 1066 मध्ये फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले आणि पुढच्या काही शतकांत इंग्रजी भाषेत घरचा जुना शब्द, दरबारी फ्रेंच शब्द आणि ग्रंथांतला लॅटिन शब्द असे तिघे एकत्र नांदू लागले. पण नांदताना प्रत्येकाने आपापली जागा धरली. आस्क घरातला, क्वेश्चनमध्ये जाब विचारल्याचा सूर, इंटरॉगेट तर थेट कोठडीतला. तहान लागल्यावर आपण तरी ‘आई, जल दे’ म्हणतो का?

मला हे उशिरा कळले. 2008 मध्ये, नोकरीच्या पहिल्याच वर्षी, इंग्लंडमधल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना मी लिहिले होते, ‘आय हॅव अ डाउट अबाउट युअर कॅल्क्युलेशन.’ एक आकडा कसा आला, एवढेच मला विचारायचे होते. वर्गात आपण जी ‘शंका’ विचारतो, तिचे मला शिकवलेले इंग्रजी डाउट हेच होते. त्यांनी तो अविश्वास मानला, रात्री जागून सगळा हिशोब पुन्हा तपासला आणि सकाळी कळवले की चूक सापडत नाही, क्षमस्व. ते रागावले असते तर मला कमी लाज वाटली असती.

आपल्याकडच्या इंग्रजीत डाउटचा तो अर्थ रुळला आहे, हे मान्य. (लघुशंकेचे ‘स्मॉल डाउट’ अजून कोणी केले नाही, हे नशीब.) बाईंपुढे साठ वह्या असतात, हेही मान्य. पण जड शब्द म्हणजे चांगले इंग्रजी, हे मुलांच्या मनात कोण भरवते? वहीत नीट पाहिले, तर ‘इंटरॉगेटेड’च्या खाली खोडलेला ‘आस्क्ड’ पुसट दिसतो. लेकीला आधी बरोबर तेच सुचले होते, आणि त्या क्षणी माझा राग निवून नुसते वाईट वाटले.

तिला मी डाउटची ती गोष्ट सांगितली. ती हसली, मग गंभीरपणे म्हणाली, “आई, परीक्षेत काय लिहू?”

बाईंनी दिले आहे तेच लिही, असे मी म्हणाले.