तीन बंदरांचा उठाव : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

कोरियाच्या तीन बंदरांत राहणाऱ्या जपानी वसाहतवाल्यांनी 1510 मध्ये केलेल्या उठावावरील लेखात मी जपानी चाच्यांच्या लुटीवर व्यापारी तक्रारींचे पांघरूण घातले, असा आपला आक्षेप आहे. जपान आणि कोरिया यांच्या मधल्या त्सुशिमा या जपानी बेटावरचे लोक पिढ्यान्‌पिढ्या किनारे लुटत होते आणि 1592 मध्ये जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याचे सैन्यही त्याच वाटेने कोरियावर चालून आले, म्हणून 1510 हा त्याच साखळीतला दुवा आहे, असे आपण लिहिता. हे मला पटत नाही.

चाचेगिरी मी नाकारलेली नाही. कोरियाच्या जोसॉन राज्याने 1419 मध्ये त्सुशिमावर आरमार धाडले ते तिच्यामुळेच. पण डोंगराळ त्सुशिमात पुरेसे धान्य पिकत नाही, तेव्हा तिथल्या लोकांच्या पोटाची सोय झाली तर लूट थांबेल, असा हिशेब दरबाराने पुढे केला. बुसानपो, नाएइपो आणि योम्पो ही कोरियन बंदरे जपान्यांना खुली झाली आणि 1443 च्या कराराने त्सुशिमावर सत्ता असलेल्या सो घराण्याला वर्षाला 50 व्यापारी जहाजे व 200 सोक (धान्याचे कोरियन माप) धान्य मंजूर झाले. हा हिशेब बराचसा जमलाही.

बिघडले ते बंदरांतल्या जपानी वस्त्यांमध्ये. तिन्ही बंदरांत मिळून 60 कुटुंबांना राहण्याची मुभा होती. 1494 मध्ये मोजणी झाली तेव्हा 525 घरांत 3,105 माणसे निघाली, त्यांपैकी 2,500 एकट्या नाएइपोत. हे लोक आसपासच्या शेतकऱ्यांना कर्ज देत, त्यापोटी जमिनी ताब्यात घेत आणि आपला वार्षिक कर मात्र सो घराण्याकडे भरत. (कोणत्याही राज्याच्या महसूल खात्याला हे किती काळ सहन झाले असते, याचा विचार आपणही करावा.) शिवाय जपानी तांब्याच्या बदल्यात सरकारी कोठारांतले सुती कापड इतके बाहेर जाऊ लागले की दरबाराला खरेदीवर निर्बंध आणावे लागले.

1506 मध्ये जुंगजोंग जोसॉनच्या गादीवर आला आणि आजवर कानाडोळा केलेले नियम कडक झाले. बुसानपोचा अधिकारी यी उ-जुंग वसाहतवाल्यांना विटा पाडण्याच्या कामाला जुंपू लागला. त्यातच काही जपानी मच्छीमारांना चाचे समजून ठार मारण्यात आले. त्यानंतर वसाहतवाले उठले आणि त्सुशिमाहून आलेले हत्यारबंद लोक त्यांना मिळाले. यी उ-जुंग मारला गेला, तर नाएइपोचा अधिकारी त्यांच्या हाती सापडला. राग नेमका कोणावर होता, हे यावरून दिसते. तरीही 272 कोरियन माणसे मेली आणि 796 घरे जळाली. ज्यांची घरे जळाली त्यांनी कोणाच्या व्यापारावर बंधने घातली नव्हती. या क्रौर्याची कारणे शोधणे म्हणजे त्याचे समर्थन करणे नव्हे.

उठाव मोडला. 1512 च्या करारात जहाजे 25 वर आणि धान्य 100 सोकवर आले, एकटे नाएइपो खुले राहिले आणि कायम वास्तव्याला बंदी झाली. सो घराण्याने हे मुकाट्याने पत्करले, कारण व्यापार तुटला असता तर बेटाची उपासमार ठरलेली होती. 1592 मध्ये हेच घराणे हिदेयोशीच्या आघाडीच्या तुकडीत होते, हे खरे आहे; मात्र त्याआधी युद्ध टाळण्यासाठी मध्यस्थीची धडपडही त्यांनीच केली होती. युद्ध संपल्यावर तर संबंध पूर्ववत व्हावेत म्हणून त्यांची मजल राजांच्या नावाची खोटी पत्रे तयार करण्यापर्यंत गेली आणि 1609 मध्ये वर्षाला 20 जहाजांवर त्यांनी समाधान मानले.