तेराशे लाईकचा बेडूक

माझ्या वॉलवरचा सगळ्यात जास्त लाईक मिळालेला फोटो मी आज सकाळी उडवला. तेराशे लाईक होते. हिरवागार मलबार ग्लायडिंग फ्रॉग, लालभडक फुलाच्या देठावर, मागे मिट्ट काळोख. आठवत असेल काहींना.

तो बेडूक त्या फुलावर आपणहून बसला नव्हता. आंबोलीत आमच्यातल्याच एकाने त्याला पाण्यावरच्या फांदीवरून उचलून आणला आणि आम्ही सात-आठ जणांनी पाळीपाळीने फ्लॅश उडवले. "जरा तोंड इकडे कर त्याचं," हे म्हणणारा मीच.

फांदीवर तो कशासाठी होता, हे तेव्हा विचारायचं सुचलंच नाही. नर तिथे बसून मादीला हाका मारतो. मादी येते, खाली पाणी असलेलं पान बघते आणि अंडी घालताना मागच्या पायांनी स्राव घुसळते, ताक घुसळावं तसा. फेसाचा पांढरा गोळा होतो. काही दिवसांनी त्यातून पिल्लं खालच्या पाण्यात टपकतात. म्हणजे सगळा खेळ त्या जागेचा. पावसाळ्यातल्या मोजक्या रात्रींपैकी एक आम्ही त्याची फुकट घालवली, तीही फुलाचा रंग उठून दिसतो म्हणून.

पाणथळ म्हटलं की लोकांना तळं दिसतं, कमळं दिसतात. सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, पाणथळ म्हणजे जांभ्या कातळातलं वीतभर डबकं. आंबोली टोड हा जगात फक्त त्याच परिसरात सापडणारा भेक, २००९ मध्ये त्याला शास्त्रीय नाव मिळालं, आणि त्याचा संसार असल्याच डबक्यांत. पहिल्या पावसात जमायचं, अंडी घालायची, पाऊस ओढ देण्याआधी पिल्लांचे पाय फुटायला हवेत. तिथे आपण गमबूट घालून फचाफच चालतो. नजर कॅमेऱ्यात, पाय अंड्यांवर.

परवा एका ग्रुपवर मी हे लिहिलं तर उत्तर आलं, "दोन मिनिटं हातात घेतल्याने काय मरतोय का?" अहो, बेडूक कातडीनेही श्वास घेतो. आपल्या हाताला डासांचं मलम, सनस्क्रीन, मघाच्या भज्यांचं तेल! (फोटोच्या स्पर्धा भरवणाऱ्यांनीही एकदा विचारावं, हा बेडूक तिथे कसा आला म्हणून.)

आता मी टॉर्च बंद करून बसतो. आपण तिथे पोचलो की सगळे बेडूक गप्प होतात. जळवा चढत असतात, चष्म्यावर धुकं. मग एखादा धीट नर सुरू होतो, त्याला दुसरा साथ देतो, आणि पाच-दहा मिनिटांत कान किटतात. बुलफ्रॉगचे नर तर त्या दिवसांत हळद लागल्यासारखे पिवळेधमक, गळ्याशी दोन निळे फुगे. दर जूनला त्यांचा व्हिडिओ 'विषारी बेडूक' म्हणून फिरतो. विषारी कुठले, लग्नाला उभे आहेत बिचारे! गोव्यात 'जंपिंग चिकन' म्हणून ताटात जातात ते हेच. बेडकांच्या तंगड्यांची निर्यात १९८७ मध्ये बंद झाली, चोरून खाणं थांबलेलं नाही.

असं बसून फोटो कमी मिळतात, हे खरंय. गेल्या खेपेला दोन रात्रींत एकही धड नाही. सकाळी चहाच्या टपरीवर तोंड पाडून बसलो होतो. टपरीवाल्या आजी म्हणाल्या, "बेबे बघूक मुंबयसून इल्यात? माझ्या न्हाणयेत येवा, धा दाखयतंय."

गेलो. दहा नव्हते, तीन होते. साधे झाडबेडूक, घराघरांत येतात ते. त्यातला एक खाली फोटोत आहे. बालदीच्या कडेवर बसलाय, मागे निळा मग आणि अर्धी साबणवडी. तो निळा मग बाजूला करायचा मोह झाला होता.