‘३७ लाखांना चावलं, मेले फक्त ५४’: या मेसेजचा हिशेब

सोसायटीच्या, गावाच्या, नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. सार असं: देशात वर्षाला ३७ लाख लोकांना कुत्रं चावतं आणि रेबीजने मरतात फक्त ५४, म्हणजे लस हा कंपन्यांचा धंदा. पाळीव कुत्रं चावलं तर दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवा. जगलं तर सुई नको. तोवर जखमेवर मिरचीपूड आणि चुना. लस घेऊनही माणसं मरतातच. खरा उपाय एकच, भटकी कुत्री मारा.

आकडे खोटे नाहीत, ही त्यातली गोम. २०२४ सालचे हेच आकडे सरकारने संसदेत दिले आहेत. पण ३७ लाख मोजले कुठे? दवाखान्यात, म्हणजे मुख्यतः लस घ्यायला आलेल्यांच्या रांगेत. लस घेणाऱ्यांत मृत्यू कमी, यावरून लस फुकट कशी ठरते? आणि ५४ हे नोंदले गेलेले संशयित मृत्यू. पाण्याचा घोट घशाखाली उतरेना, पंख्याच्या वाऱ्यानेही घसा आवळू लागला, की बरेच नातेवाईक पेशंटला घरी घेऊन जातात. तिथे चार-आठ दिवसांत सगळं आटोपतं. त्यानंतर कोण कसली तपासणी करणार आणि कोण नोंद करणार?

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पथकांनी २०२२-२३मध्ये १५ राज्यांतल्या ६० जिल्ह्यांत घरोघरी जाऊन विचारलं. त्यातून निघालेला अंदाज: वर्षाला ९१ लाख प्राणीदंश, त्यातले चारांतले तीन कुत्र्यांचे, आणि सुमारे ५,७०० मृत्यू. म्हणजे ५४च्या शंभरपट. चावा बसलेल्या दर पाच जणांत एकाने लसच घेतलेली नव्हती. २००३ च्या पाहणीत मृत्यूंचा अंदाज वीस हजारांवर होता. तो खाली आला त्यात लस सहज मिळू लागण्याचा मोठा वाटा आहे. आता तीच घेऊ नका म्हणे!

दहा दिवसांचं खूळ सगळ्यात घातक, कारण ते अर्धं खरं आहे. पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेत विषाणू उतरला की ते साधारण दहा दिवसांत मरतं, हे बरोबर. म्हणून कुत्र्यावर नजर ठेवायची, पण पहिली सुई त्याच दिवशी टोचून घेऊन. दहाव्या दिवशी कुत्रं ठणठणीत असेल तर डॉक्टर पुढचे डोस थांबवू शकतात. मेसेजने क्रमच उलटा केलाय. शिवाय हा नियम फक्त कुत्र्या-मांजरांचा. माकड, मुंगूस किंवा कोल्हा चावला तर दहा दिवस मोजण्यात काहीच अर्थ नाही.

मिरची-चुन्याने जखम चिघळते, बाकी काही होत नाही. नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवायची, घड्याळ लावून. या विषाणूवरचं स्निग्ध आवरण साबणाने फुटतं. इतका स्वस्त उपाय असताना लोक मिरचीचा डबा का उघडतात, देव जाणे.

आता ‘लस घेऊनही मेला’. अशा बहुतेक प्रकरणांत खोदून विचारलं की उशीर झालेला असतो, डोस अर्धवट सुटलेले असतात किंवा सीरम, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं (अँटिबॉडीजचं) इंजेक्शन, दिलेलंच नसतं. लसीने शरीरात प्रतिपिंडं तयार व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. चावा खोल असेल, रक्त आलं असेल, तर तेवढ्यात विषाणू मज्जातंतूत शिरू शकतो आणि एकदा आत गेला की त्याला गाठता येत नाही. चेहऱ्यावरच्या चाव्यात मेंदू जवळ, म्हणून वेळ आणखी कमी. लहान मुलाचं तोंड तर कुत्र्याच्या तोंडाच्याच उंचीवर असतं. मधली ही खिंड सीरममधली तयार प्रतिपिंडं लढवतात. पेशंटला आधी वजनकाट्यावर उभं करतात, कारण सीरमचा डोस किलोवर ठरतो. मग ते दंडात नाही, जखमेतच, कडेकडेने टोचतात. बोटाच्या पेरावर चावलं असेल तर जागाच नसते आणि कळ मस्तकात जाते. पण ते टाळायचं नाही. घोड्याच्या रक्तापासून बनणाऱ्या सीरमला पर्याय म्हणून पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचं ‘रॅबिशील्ड’ही आलंय. केसपेपर काढतानाच विचारा: जखम तिसऱ्या श्रेणीची (कातडी फाटून रक्त आलेली) आहे का, सीरम देणार का?

बेंबीभोवतीच्या चौदा सुया हा आजोबांच्या काळातला किस्सा. मेंढीच्या मेंदूपासून बनणारी ती लस देशात २००५च्या सुमाराला बंद झाली. आता दंडात पाच डोस, नाहीतर कातडीत चार फेऱ्या.

राहिला कुत्री मारण्याचा मुद्दा. मारताना लस दिलेलीही मरतात आणि रिकाम्या जागी बाहेरून बिनलशीची येतात. गोव्याने उलटं केलं. जाळी घेऊन पथकं गल्लोगल्ली फिरली, कुत्री धरून लस टोचली, रंगाचा पट्टा ओढून सोडून दिली, तेही दरवर्षी, निदान सत्तर टक्के कुत्र्यांना लस मिळेल अशा बेताने. २०१७ नंतर सलग काही वर्षं तिथे रेबीजने एकही माणूस मेल्याची नोंद झाली नाही आणि २०२१मध्ये सरकारने राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर केलं. आपल्या नगरपालिकेने गेल्या वर्षी किती कुत्र्यांना लस टोचली, हे मेसेज पुढे ढकलण्याआधी नगरसेवकाला विचारून बघा.