तीस बाइटांतील देशमुख

लातूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयाचा मी मानद कार्यवाह आहे. मानद म्हणजे पगार मिळत नाही, परंतु जे जे बिघडते ते माझ्या नावावर बिघडते. वाचनालयाच्या संगणकात विंडोज एक्सपी होते आणि त्यावर २००३ साली गावातीलच एका होतकरू तरुणाने व्हिज्युअल फॉक्सप्रो या माहिती साठवण्याच्या प्रणालीत तयार करून दिलेला सभासदांचा प्रोग्रॅम होता. एक्सपीचा सांभाळ मायक्रोसॉफ्टने २०१४ च्या एप्रिलमध्ये सोडला, ही वार्ता आमच्यापर्यंत पोहोचली नाही, कारण त्या संगणकाला आम्ही इंटरनेट कधी दाखवलेच नव्हते. यंदाच्या उन्हाळ्यात मात्र त्याचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा वाजू लागला आणि एका हितचिंतकाने विंडोजऐवजी उबंटू लिनक्स ही प्रणाली घातलेला दुसरा संगणक देणगी म्हणून पाठवला. सभासदांची फाइल जुन्या यंत्रातून नव्यात न्यायची, एवढेच काम उरले होते.

"मामा, दोन मिनिटांचं काम आहे की," असे माझा भाचा म्हणाला. त्याने पेन ड्राइव्ह लावला, फाइल उचलली, नव्या संगणकात टाकली आणि पुढची दहा मिनिटे तो पडद्याकडे बघत राहिला.

"काय झालं?"

"फाइल नाहीच म्हणायलंय."

फाइल डोळ्यांसमोर दिसत होती. पण जुन्या यंत्रात तिचे नाव मोठ्या रोमन अक्षरांत होते, आणि भाच्याने आज्ञा लिहिताना ते लहान अक्षरांत लिहिले होते. विंडोजच्या लेखी ही दोन्ही रूपे एकाच इसमाची असतात, तर लिनक्सच्या लेखी ते दोन निरनिराळे इसम असून त्यांपैकी एक बेपत्ता असतो. नाव दुरुस्त केल्यावर फाइल उघडली, तेव्हा शेऱ्यांचा रकाना कोरा निघाला. कोणी कोणत्या पुस्तकाची शेवटची पाने फाडली, कोणाकडून अनामत येणे आहे, ही वीस वर्षांची सारी बहुमोल निंदा त्या रकान्यात साठवलेली होती. फॉक्सप्रोची रीत अशी, की मोठा मजकूर डीबीएफ नावाच्या मुख्य फाइलीत राहतच नाही, तो एफपीटी नावाच्या शेजारच्या फाइलीत राहतो आणि डीबीएफमध्ये केवळ तो कुठे ठेवला आहे याचा क्रमांक असतो. भाच्याने डीबीएफ तेवढी आणली होती. नोकरीत माझ्या सात बदल्या झाल्या, आणि दर वेळी कपाट टेम्पोत चढले तरी किल्ल्या जुन्या घराच्या खुंटीवर राहिल्या, म्हणून मला याचे नवल वाटले नाही. जुना संगणक पुन्हा चालू केला, गिरणी पुन्हा घरघरली, मध्येच वीज गेली, आणि संध्याकाळी साडेसहाला शेरे सुखरूप आले.

तारखा मात्र सहज आल्या. डीबीएफमध्ये तारीख सरळ आठ अंकांत, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी लिहिलेली असते, त्यामुळे तिला कोणत्याही गावी परके वाटत नाही. आमच्या निम्म्या ज्येष्ठ सभासदांचा जन्म १ जून रोजी झालेला आहे, ही बाब संगणकाच्या नव्हे, त्या काळच्या गुरुजींच्या खाती जमा आहे.

खरी कसोटी नावांची होती. पडद्यावर देशमुख या आडनावाच्या जागी एन, एस, एक अवतरणचिन्ह, के, ई, क्यू, एक चौकटी कंस आणि पुन्हा के, अशी वरात उभी होती. आमचा प्रोग्रॅम कृतिदेव फाँटवर चालत असे. या फाँटमध्ये यंत्र साठवते ती रोमन अक्षरे आणि फाँट त्यांच्यावर देवनागरीचा पोशाख चढवतो. नव्या संगणकात पोशाखच नव्हता, त्यामुळे सगळे सभासद उघडे पडले. त्यांना युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतील प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, आणणे भाग होते आणि तेही जपून, कारण कृतिदेवात ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकली जाते, तर युनिकोडमध्ये ती व्यंजनाच्या मागून येते.

नव्वदीकडे झुकलेले आमचे एक सभासद वर्तमानपत्रातून डोके काढून म्हणाले, "निजामाच्या अमदानीत बी हे असंच होतं. सात हाली दिले की सहा कलदार मिळायचे. पण रुपया रुपयाच राहायचा, त्याचं मांजर होत नव्हतं." हाली म्हणजे निजामाचा रुपया आणि कलदार म्हणजे इंग्रजांचा. मला या वाक्यात आमच्या भागाचा सारा अनुभव दिसला. राज्य बदलताना तेव्हा दर तरी जाहीर झालेला होता. येथे दर काय आहे, हे नुकसान झाल्यावरच कळते.

ते असे कळले. सुधारलेली नावे आम्ही जुन्याच रचनेच्या फाइलीत परत भरली आणि त्या रचनेत नावाच्या रकान्याची रुंदी ३० होती. ही रुंदी अक्षरांत नसून बाइटांत, म्हणजे संगणकाच्या साठवणुकीच्या मापात असते. कृतिदेवात ८ बाइटांत मावणारा देशमुख यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या रीतीत १८ बाइट मागतो, कारण तेथे अक्षर असो की काना, उकार, मात्रा, प्रत्येक चिन्हाला ३ बाइट मोजावे लागतात. आमच्याकडे देशमुख रामराव, देशमुख रामदास आणि देशमुख रामचंद्र असे तीन सभासद आहेत. (नावे बदलली आहेत, अक्षरांचा हिशेब बदललेला नाही.) १८ बाइटांचे आडनाव, १ बाइट मोकळी जागा, 'राम' चे ९, असे २८ झाले. उरलेल्या दोनांत पुढचे अक्षर मावेना. परिणामी तिघेही 'देशमुख राम' झाले आणि नावाशेवटी काळ्या चौकटीत एकेक प्रश्नचिन्ह घेऊन उभे राहिले.

अखेर भाच्याने ही सारी माहिती एसक्यूलाइट या माहिती साठवण्याच्या दुसऱ्या प्रणालीत भरली. त्यात सगळी कोष्टके आणि सूची एकाच फाइलीत राहतात, आणि ती फाइल विंडोज, लिनक्स, मॅक, कुठेही जशीच्या तशी उघडते. "हे पहिल्या दिवशी का सांगितलं नाहीस?" असे मी विचारले, तेव्हा "तुम्ही फाइल न्यायची म्हणलात, फाइल बदलायची कुठं म्हणलात?" असे उत्तर मिळाले. नावे मात्र हस्तलिखित नोंदवहीतून मलाच पुन्हा टंकावी लागली.

दरम्यान, थकीत पुस्तकाची एक नोटीस 'देशमुख राम' या नावाने निघून गेली होती. आमच्या सेवकाने खुलासा विचारण्याऐवजी तिच्या तीन प्रती काढल्या आणि तिन्ही घरी नेऊन दिल्या. पहिले देशमुख येऊन भांडून गेले. दुसऱ्यांनी नोटीसच परत पाठवली. तिसरे संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर आले, पिशवीतून एक पुस्तक काढून हळूच टेबलावर ठेवले आणि "पावती नको," असे म्हणून निघून गेले. नोटिशीतील पुस्तक ते नव्हते. ते आमच्या दप्तरी २०११ पासून गहाळ म्हणून लागलेले होते, आणि त्यांच्या नावावर ते ना नव्या फाइलीत होते, ना जुन्या.