पितृज

खरं बोलणारा आरसा घरात नसतो, गाडीत असतो. सिग्नलला थांबले होते, सकाळचं ऊन तिरकं येत होतं आणि हनुवटीखाली मला एक केस दिसला. काळा, राठ, चांगला अर्धा इंच. घरी येऊन नवऱ्याला दाखवला तर म्हणाला, "हा होय? हा गणपतीपासून आहे की." म्हणजे दसऱ्यापर्यंत मी गावभर तो घेऊन हिंडले!

मावशीला फोन केला. "मसुराचं पीठ, आंबेहळद, साय. सुकलं की उलट्या दिशेनं चोळायचं. बाळपणी तुझी लव आम्ही कणकेच्या गोळ्यानंच घालवली." घरात आंबेहळद नव्हती. सांगलीची होती, चिमूटभर टाकली तरी पातेलंभर वरण पिवळं करणारी. मी दोन चमचे घातली.

लेप सुकून चेहऱ्याचा पत्रा झाला आणि बेल वाजली. पार्सल. "मॅडम, ओटीपी?" ओटीपी होता ५५७२. ओठ न मिटता 'पाच' म्हणून बघा एकदा.

"आच, आच, सात, दोन."

"आठ, आठ?"

"आच!"

शेवटी पंजा दाखवला. तो दोन पावलं मागे सरकला.

चोळून चोळून गाल लाल झाले, धुतल्यावर हनुवटी पिवळी राहिली, आणि पिवळ्यावर काळं किती उठून दिसतं हे रिक्षांकडे बघून कळायला हवं होतं. केस जागच्या जागी. आता तो रस्त्यापलीकडूनही दिसत होता.

मग वैद्यांकडे गेले. त्यांनी नाडी बघितली, जीभ बघितली, पाळी, वजन, झोप सगळं विचारलं आणि म्हणाले, "एखादाच असेल तर चिमट्यानं काढा. भराभर वाढायला लागले किंवा पाळी लांबली तर आधी रक्त आणि सोनोग्राफी. औषधाचं मग बोलू." एवढी फी देऊन चिमटा? मी चिकाटी सोडली नाही. "ग्रंथांत काहीच नाही का हो?"

"आहे ना. सुश्रुतात रोमशातनाचा लेप आहे. शंखाचं चूर्ण दोन भाग, हरताळ एक भाग, शुक्तात, म्हणजे आंबवलेल्या आंबट पाण्यात, वाटायचं."

मी पेन काढलं.

"लिहून घेऊ नका. हरताळ म्हणजे आर्सेनिक."

पोथीतलं चुकलेलं अक्षर पुसायला फासायचे, तोच हा हरताळ. केसाबरोबर माझी हनुवटीही खोडली गेली असती.

उठता उठता त्यांनी चरकही ऐकवला. गर्भाला केस, दाढीमिशा, नखं, दात, हाडं मिळतात ती बापाकडून. पितृज भाव. चला, कोणाच्या तरी नावावर जमा करता आलं! जिन्यातूनच बाबांना फोन लावला.

"माझ्याकडून?" बाबा म्हणाले. "अगं, मला २५व्या वर्षापर्यंत धड दाढी नव्हती. तुझ्या आईला बघायला गेलो तर तुझ्या आजोबांनी विचारलं, मुलगा अजून कॉलेजात आहे का?"

थोडा वेळ फोनवर नुसता पंख्याचा आवाज.

"किती आलेत?"

"एकच."

"राठ आहे?"

"हो ना."

"अरे वा," बाबा म्हणाले.